परीक्षाच घ्यायची, तर परीक्षकाची जबाबदारीही घ्या

सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये भरतीचे निकष ठरवणाऱ्या सर्व इंजिनिअरिंग प्रमुखांना आणि मनुष्यबळ विभागांच्या प्रमुखांना,



तुमच्या कंपनीची जाहिरात वाचली की काम काय आहे ते बऱ्यापैकी कळते. जावा, स्प्रिंग बूट, एसक्यूएल, थोडे क्लाउड, तीन ते सहा वर्षांचा अनुभव. पण अर्ज करणाऱ्याला पुढे ज्या वाटेने जावे लागते, ती या कामाच्या आसपासही फिरकत नाही. आधी नव्वद मिनिटांची ऑनलाइन टेस्ट, कॅमेरा चालू, स्क्रीनवरून नजर हटली की इशारा. ती निघाली तर डीएसएचे, म्हणजे डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचे, दोन राउंड, मग सिस्टिम डिझाइन, मग मॅनेजर, शेवटी एचआर. डीएसएच्या राउंडमध्ये पंचेचाळीस मिनिटांत दोन प्रश्न सोडवायचे असतात: एखाद्या ट्रीमधला सर्वांत लांब मार्ग, एखाद्या ग्राफमधला सर्वांत स्वस्त रस्ता, नाहीतर डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचे एखादे कोडे. यातून निवडला गेलेला माणूस रुजू होतो आणि आठ वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला कोड वाचायला बसतो. कालपर्यंत नीट चालणारी क्वेरी आज का रखडली ते शोधतो, ग्राहकाची अर्धवट सांगितलेली गरज समजून घेतो, सहकाऱ्याच्या बदलांवर शेरे लिहितो. यातले काहीही त्याला मुलाखतीत विचारलेले नसते.

मुलाखती अवघड असतात, एवढ्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. जबाबदारीच्या कामाला माणूस पारखूनच घ्यावा लागतो आणि त्यात काही जण मागे राहणार, हे मान्य आहे. माझी तक्रार अशी, की मुलाखतीच्या नावाने तुम्ही प्रत्यक्षात स्पर्धा परीक्षा घेता, पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेवर जी बंधने असतात, त्यांतले एकही स्वतःवर घेत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचेच पाहा. आयोग अभ्यासक्रम जाहीर करतो, पूर्वपरीक्षेनंतर उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, तिच्यावर हरकती मागवतो, चूक निघाली तर उत्तर बदलतो किंवा प्रश्न रद्द करतो, आणि गुण कळवतो. आयोगावर विद्यार्थ्यांचा रोष कमी नाही, पुण्याच्या रस्त्यांवर त्यासाठी आंदोलने झाली आहेत. पण तो रोष मांडायला निदान एक जागा आहे, आणि उमेदवार कुठे कमी पडला हे त्याला आकड्यात कळते. तुमच्या परीक्षेला अभ्यासक्रम नाही, गुण नाहीत, फेरतपासणी नाही. बहुतेकांना निकालही मिळत नाही. चार राउंड देऊन झाल्यावर मेल येणे बंद होते आणि उमेदवाराने त्यातून काय ते समजून घ्यायचे असते.

या परीक्षेत नेमके काय मोजले जाते, हे कळण्यासाठी नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न जवळून पाहू. अधिक-उणे आकड्यांची यादी दिली आहे: ४, −६, ५, −१, ३, −९, २. यातला सलग असा कोणता तुकडा घेतला तर बेरीज सर्वांत मोठी येईल? उत्तर आहे ५, −१, ३, बेरीज ७. सात आकडे असतील तर हे नजरेला दिसते. लाखभर असतील तर पद्धत लागते, आणि मुलाखतीत पूर्ण गुण मिळवून देणारी पद्धत अशी: डावीकडून उजवीकडे एकदाच चालत जायचे, बेरीज करत राहायची, बेरीज शून्याखाली गेली की ती सोडून पुढच्या आकड्यापासून नव्याने सुरुवात करायची, आणि वाटेत आलेली सर्वांत मोठी बेरीज लक्षात ठेवायची. पाच-सहा ओळींचा कोड. आता या प्रश्नाचा इतिहास बघा. ब्राउन विद्यापीठातले उल्फ ग्रेनँडर यांनी १९७७मध्ये प्रतिमांमधले आकृतिबंध ओळखण्याच्या संशोधनातून तो मांडला. त्यांची स्वतःची पद्धत अशी होती, की यादी दुप्पट झाली तर वेळ निदान चौपट लागावा. मायकेल शेमॉस या संगणकशास्त्रज्ञांनी एका रात्रीत त्याहून बरीच वेगवान पद्धत काढली, आणि यापेक्षा चांगले काही निघणार नाही असे त्यांना व त्यांचे सहकारी जॉन बेंटली यांना वाटले. काही दिवसांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात शेमॉस यांनी हा प्रश्न सांगितला, तेव्हा समोर बसलेल्या जे केडेन या संख्याशास्त्रज्ञांना मिनिटभरात वरची पद्धत सुचली. बेंटली यांनी ही सगळी हकिगत पुढे लिहून ठेवली आहे.

म्हणजे ज्यांनी हा प्रश्न जन्माला घातला त्यांना, आणि अल्गोरिदम हाच ज्यांचा व्यवसाय होता अशा दोघांना, जे उत्तर सुचले नाही, ते तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वीस मिनिटांत सुचावे अशी तुमची अपेक्षा असते. शेमॉस यांनी आज तुमच्यासमोर आपली एका रात्रीची पद्धत वीस मिनिटांत जरी मांडली असती, तरी 'अजून ऑप्टिमाइझ करता येईल का?' या प्रश्नापाशी ते अडले असते आणि त्यांच्या नावापुढे काठावरचा शेरा पडला असता. मग आपले विद्यार्थी हा प्रश्न धडाधड सोडवतात ते कसे? त्यांनी तो आधी पाहिलेला असतो, म्हणून. त्याला आता केडेनचा अल्गोरिदम असे नावच आहे आणि तयारीच्या प्रत्येक यादीत तो पहिल्या काही पानांत असतो. ज्याने पाहिला त्याला येतो, ज्याने पाहिला नाही तो त्या दिवशी अडतो. यात विचारशक्ती मोजली जाते असे तुम्ही म्हणता, पण मोजली जाते ती ओळख. आणि यातून आणखी एक वाईट गोष्ट होते, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पाठ असलेला प्रश्न समोर आला की उमेदवार तो पहिल्यांदाच पाहतोय असे दाखवतो. आधी मुद्दाम संथ पद्धत सांगतो, कपाळाला आठ्या घालतो, थांबतो आणि मग 'सुचल्यासारखे' करून वेगवान पद्धत मांडतो. तयारी करून घेणारे त्याला हेच शिकवतात. जो सरळ सांगेल की 'हा प्रश्न मी सोडवला आहे', त्याला लगेच दुसरा, बहुधा अधिक कठीण प्रश्न मिळतो. प्रामाणिक माणसाला तोटा होईल अशी ही मांडणी आहे, आणि ज्या कामात 'हा बग माझ्यामुळे आला' हे वेळेवर सांगणारा माणूस सर्वांत मोलाचा, त्या कामासाठी तुम्ही ती वापरता.

बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधोमध पाहून शोधण्याची पद्धत, हिची गोष्टही थोडक्यात सांगतो. बेंटली यांनी अनुभवी प्रोग्रॅमरना ती लिहायला एक-दोन तास दिले, तरी बहुतेकांच्या कोडमध्ये चुका निघाल्या. पुढे २००६मध्ये सॉफ्टवेअर अभियंते जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले, की जावाच्या अधिकृत लायब्ररीतला बायनरी सर्च सुमारे नऊ वर्षे चुकीचा होता. यादी फार मोठी झाली की मधली जागा काढताना होणारी बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जात होती. तीच चूक बेंटली यांनी आपल्या पुस्तकात बरोबर असल्याचे सिद्ध करून दाखवलेल्या कोडमध्येही होती. यातून शिकायचे ते हे, की बरोबर कोड एका बैठकीत, कुणीतरी बघत असताना लिहून होत नाही. टेस्ट, दुसऱ्याची नजर, वापरातून आलेला अनुभव आणि चूक शोधण्याची चिकाटी यांतून तो घडतो. 'या कोडमध्ये काय बिघडू शकेल आणि ते तू कसे शोधशील?' हा प्रश्न तुमच्या मुलाखतींत जवळजवळ येतच नाही.

निवडीच्या पद्धतींवर संशोधन काही कमी झालेले नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, आणि पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२मध्ये त्यातल्या आकडेमोडीतले दोष काढून ती नव्याने केली. दोन्हींत आकडे वेगळे आहेत, काही क्रमही बदलले आहेत, पण एक गोष्ट टिकून राहिली: सर्वांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेली गुणपद्धत असलेली मुलाखत ही मुलाखतकाराच्या मर्जीने चालणाऱ्या मुलाखतीपेक्षा पुढच्या कामगिरीचा अंदाज कितीतरी बरा देते. २०२२च्या आढाव्यात मुलाखतीतले गुण आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध ०.४२ विरुद्ध ०.१९ असा आहे. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि त्या कामाच्या ज्ञानाची चाचणी घेणे, याही पद्धती दोन्ही आढाव्यांत चांगल्या ठरल्या. तुमच्याकडे मुलाखतीला बसणारा इंजिनिअर बहुधा अर्धा तास आधी कॅलेंडरचे आमंत्रण पाहतो, आपल्याला आवडणारा प्रश्न काढतो आणि शेवटी 'स्ट्राँग हायर' किंवा 'नो हायर' असे लिहितो. एकाच जागेसाठी आलेल्या दोघांना वेगळे प्रश्न, वेगळी काठिण्यपातळी, वेगळा मुलाखतकार. बाहेरून ही पद्धत कठोर आणि शास्त्रशुद्ध दिसते. आत शिरून पाहिले तर ती मुलाखतकाराच्या मर्जीचीच आहे.

कुणीतरी बघत असताना कोड लिहायला लावण्याबद्दलही पुरावा आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२०मध्ये संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. निम्म्यांनी मुलाखतकारासमोर, फळ्यावर, मोठ्याने विचार बोलत प्रश्न सोडवला. उरलेल्यांनी तोच प्रश्न एका खोलीत एकट्याने सोडवला. मुलाखतकारासमोर असलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली गेली. प्रयोगातल्या स्त्रियांपैकी समोर बसून सोडवणाऱ्या एकीलाही प्रश्न सुटला नाही, एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्यांना सुटला. संख्या लहान आहे, त्यामुळे यावरून स्त्री-पुरुष भेदाचे मोठे निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पण ज्या प्रसंगात माणसाची क्षमता निम्मी दिसते, त्याच प्रसंगात ती मोजायची, हे कशाच्या आधारावर चालू आहे, हे तुम्हाला विचारण्याइतका हा पुरावा नक्कीच पुरेसा आहे. तणावाखाली काम करता आले पाहिजे, असे त्यावर सांगितले जाते. रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर येणारा ताण खरा आहे. पण त्या वेळी इंजिनिअरसमोर लॉग असतात, शेजारी किंवा फोनवर सहकारी असतो, शोधायला सगळे इंटरनेट असते. नोकरी देणारा माणूस मागे उभा राहून आपली बोटे पाहतोय, हा ताण त्या कामात कधीच येत नाही.

तुमची बाजू मला ठाऊक आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. पहिला मुद्दा असा, की पदवीवर विसंबता येत नाही. हे दुर्दैवाने खरे आहे. डॉक्टर किंवा सनदी लेखापाल एकदा परीक्षा पास झाला की दर नोकरीला त्याला शरीररचना किंवा ताळेबंद पुन्हा सिद्ध करून दाखवावा लागत नाही, कारण मागे त्याच्या व्यवसायाची परिषद उभी असते. आपल्या व्यवसायाला अशी परिषद नाही. कॉलेजांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे, अनुभवाची खोटी प्रमाणपत्रे विकली जातात, ऑनलाइन मुलाखतीला भलताच माणूस बसल्याची प्रकरणे घडतात. तेव्हा साधा कोडही लिहिता न येणारा माणूस पुढे जाऊ नये, म्हणून चाचणी हवीच. पण ज्याला कोड लिहिता येत नाही त्याला ओळखायला साधा प्रश्न पुरतो. एका फाइलमधल्या ओळी वाच, दर शहरामागे विक्रीची बेरीज कर, चुकीच्या ओळी वेगळ्या काढ. वीस मिनिटांत चित्र स्पष्ट होते. 'कोड लिहिता येतो का?' या प्रश्नाचे उत्तर हवे म्हणून तुम्ही 'लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावरचे हार्ड प्रश्न सुटतात का?' हा प्रश्न विचारता, आणि ज्याला कोड उत्तम लिहिता येतो पण कोड्यांचा सराव नाही, असा माणूस या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत हरवतो.

दुसरा मुद्दा संख्येचा. एका जागेला हजारो अर्ज येतात, चाळण लावावीच लागते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या संस्थांना शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवून दिल्यापासून संगणक शाखेत प्रवेश वाढतच आहेत, तेव्हा ही गर्दी कमी होणार नाही. पण चाळण स्वस्त आहे ती फक्त तुमच्यासाठी. तुम्ही एक लिंक पाठवता आणि हजार जणांची नव्वद मिनिटे जातात. त्यांतल्या पन्नास जणांना पुढे बोलवायचे हे तुम्ही आधीच ठरवलेले असते, म्हणून कट-ऑफ तिथे येईपर्यंत प्रश्न कठीण करत नेता. काठिण्य असे गर्दीवरून ठरू लागले की त्याचा कामाशी संबंध सुटतो. पन्नासच जणांना वेळ देता येत असेल, तर कामाशी जोडलेली एक सोपी चाचणी पास झालेल्यांतून सोडत काढा, असे मी गंभीरपणे सुचवतो. सोडतीत हरलेल्याला निदान आपण नालायक ठरलो असे वाटणार नाही आणि पुढचे सहा महिने तो कोडी पाठ करण्यात घालवणार नाही.

'गूगलही असेच करते' हा तिसरा युक्तिवाद. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझलो बॉक यांनी २०१३मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ला दिलेल्या मुलाखतीत सांगितले होते, की डोके चालवायला लावणारी कोडी हा निव्वळ वेळेचा अपव्यय ठरला, आणि कंपनीने हजारो मुलाखतींचे गुण पुढच्या कामगिरीशी ताडून पाहिले तेव्हा त्यांत संबंध आढळला नाही. त्यानंतर कोडी गेली, पण अल्गोरिदमचे प्रश्न राहिले, हे खरे. मात्र गूगलसारख्या कंपनीला चांगली माणसे चुकून नाकारणे परवडते, कारण तेवढीच चांगली माणसे दाराशी उभी असतात. पुण्यात बाणेरमधल्या साठ माणसांच्या कंपनीला ते परवडत नाही. तिच्याकडे पगार तेवढा नाही, नाव तेवढे नाही, काम वेगळे आहे, आणि उचलली आहे ती फक्त परीक्षा. मग सहा-सहा महिने जागा रिकामी राहते आणि 'टॅलेंटच मिळत नाही' असे तुम्ही परिषदांमधून सांगता.

चौथा मुद्दा ताजा आहे: एआयमुळे लोक फसवतात, म्हणून मुलाखती आणखी कडक करायला हव्यात. मुलाखत चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात उत्तर दाखवणारी साधने निघाली आहेत, आणि त्यामुळे काही मोठ्या कंपन्या पुन्हा प्रत्यक्ष भेटीच्या राउंडकडे वळल्या आहेत. मला यातून उलटा निष्कर्ष दिसतो. ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्र काही सेकंदांत देते, ते उत्तर माणसाच्या तोंडून ऐकून तुम्हाला त्याच्याबद्दल काय कळणार? तुमचे इंजिनिअर रोज हीच साधने वापरतात, तुम्हीच त्यांची लायसन्स घेतली आहेत. मग यंत्राने लिहिलेल्या दोनशे ओळी उमेदवारासमोर ठेवा आणि यातले काय ठेवशील, काय फेकशील, का, असे विचारा. त्या संवादात फसवणे कोडे सोडवण्यापेक्षा फार अवघड आहे.

या परीक्षेची किंमत कोण मोजतो, याकडेही पाहा. लीटकोडवर हजारो प्रश्न आहेत, 'क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू' या पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत १८९ आहेत, आणि यांच्याभोवती क्लासेसचा एक वेगळा धंदाच उभा राहिला आहे. त्यातल्या काहींची फी लाखांत आहे. सांगली, नांदेड, अमरावतीच्या कॉलेजातला मुलगा दुसऱ्या वर्षापासून सरावप्रश्नांची 'शीट' भरायला लागतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस हे विषय परीक्षेच्या आदल्या आठवड्यापुरते उरतात. त्याचे प्रोजेक्ट विकत आणलेले असते, कारण प्रोजेक्टबद्दल मुलाखतीत कुणी खोलात विचारत नाही. मग 'फ्रेशर्सना काही येत नाही' ही तुमचीच तक्रार असते. नोकरीतल्या माणसाचे हाल वेगळे. दिवसभर काम, प्रवासात दोन-तीन तास, घरी आल्यावर रात्री अकरापर्यंत सराव. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड तुम्हीच लावता आणि जाहिरातीत 'इमिजिएट जॉइनर हवा' असेही तुम्हीच लिहिता. बाळंतपणानंतर परतणारी स्त्री, घरी आजारी वडील असलेला मुलगा, चाळिशीतला टीम लीड यांच्याकडे कौशल्य असते, पण त्या सहा महिन्यांच्या संध्याकाळी नसतात. टीसीएसने जुलै २०२५मध्ये सुमारे बारा हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यात मधल्या व वरच्या पातळीवरचे लोक जास्त असतील असे सांगितले. अशी माणसे पंधरा-वीस वर्षे बँकांच्या, विमा कंपन्यांच्या यंत्रणा चालवून बाजारात येतात आणि त्यांना पंचविशीतला मुलगा लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण आणखी एक. तुमच्या पद्धतीत नुसते उत्तर पुरत नाही, विचार मोठ्याने बोलत सोडवावे लागते, आणि ते इंग्रजीत. एकाच वेळी प्रश्न सोडवायचा, कोड लिहायचा आणि वाक्ये मनात जुळवत बोलायचे, यात सर्वांत आधी विचाराचा धागा तुटतो. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१पासून प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकीची मराठी तुकडीही सुरू झाली. त्या विद्यार्थ्यांना तुमच्या दारात काय मिळणार? पुण्यातल्या तुमच्या टीममध्ये रोजची चर्चा मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळूनच चालते. मुलाखतकाराला मराठी येत असेल तर 'तुला सोयीच्या भाषेत सांग' एवढे म्हणण्यात कंपनीचे काहीच जात नाही. ग्राहकाशी इंग्रजीत बोलणे कामाचा भाग असेल तर त्याची चाचणी वेगळी घ्या. दोन गोष्टी एकत्र मोजल्या की दोन्ही चुकीच्या मोजल्या जातात.

आता मागण्या. सर्वांत महत्त्वाची ही, की चाचणी कामातून काढा. तुमच्याच एखाद्या जुन्या प्रकल्पातला, गोपनीय काही उरणार नाही असा छोटा तुकडा घ्या, त्यात एक बग राहू द्या, एक अर्धवट फीचर ठेवा. उमेदवाराला त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या सवयीच्या एडिटरमध्ये, डॉक्युमेंटेशन उघडे ठेवून तासभर एकट्याला बसू द्या आणि मग अर्धा तास त्याच्याशी बोला. का असे केलेस, दुसरा मार्ग होता का, टेस्ट कुठली लिहिशील. असा एक प्रश्न तयार करायला दोन दिवस लागतील आणि तो वर्षभर चालेल. घरी करायला असाइनमेंट देणार असाल तर दोन-तीन तासांहून मोठी देऊ नका. शनिवार-रविवार खाणारे काम हवे असेल तर त्याचे पैसे द्या. जिथे काम खरोखर अल्गोरिदमचे आहे, सर्च इंजिन, कंपायलर, मार्ग शोधणारी यंत्रणा, तिथे अल्गोरिदम जरूर विचारा. माझा आक्षेप त्याला नाही.

सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, आधी लिहून ठेवलेले निकष, आणि दोन मुलाखतकारांनी एकमेकांशी बोलण्याआधी स्वतंत्रपणे दिलेले गुण, हे सुरू करा. मुलाखत घेण्याचे प्रशिक्षण न घेतलेल्या इंजिनिअरला मुलाखतीला बसवू नका. राउंड तीनवर आणा. निकाल आठ-दहा दिवसांत कळवा, आणि नकार असेल तर दोन ओळींचे खरे कारण द्या. त्यातून कायदेशीर कटकटी होतील असे तुमचे वकील सांगतील, पण 'एसक्यूएलमध्ये जॉइन जमले नाहीत, टेस्ट लिहिल्या नाहीत' अशा निकषांवर बोट ठेवणाऱ्या कारणात कसली कटकट? अडचण येते ती कारण निकषात नसते तेव्हा. आणि वर्षातून एकदा, रुजू झालेल्यांचे मुलाखतीतले गुण त्यांच्या वर्षभराच्या कामाशी ताडून पाहा. तुमच्याकडे दोन्ही आकडे आहेत. कोड बदलला की तो चालतो का हे मोजल्याशिवाय तुम्ही तो पुढे जाऊ देत नाही. माणसे निवडण्याची पद्धत मात्र वर्षानुवर्षे न मोजता चालू आहे.

कॅम्पस भरतीचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी तुमच्या कंपन्यांची पत्रे कॉलेजांच्या प्लेसमेंट कार्यालयांत जातील. त्यांत पॅकेज असेल, साठ टक्क्यांची अट असेल, बाँड असेल तर तोही असेल. त्याच पत्रात चाचणीचे स्वरूप, तिचे विषय, गुण कशाला किती, कोणती साधने वापरता येतील आणि निकाल कोणत्या तारखेला कळेल, हेही लिहा. ते पत्र विद्यार्थ्यांच्या हाती जूनमध्ये पडले तर पुढचे दोन महिने ते काय शिकतील, हे तुम्हीच ठरवलेले असेल.



आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता
पुणे